एका बाकावरची लय

बेंगळुरूच्या उत्तरेस, दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्यावर, येलहंका लागते. वयाने ते बेंगळुरूहून थोरले. पण थोरल्या भावाने उतारवयात धाकट्याच्या घरी राहायला जावे तसे ते आता त्या शहराच्या पोटात सामावून गेले आहे. १५३७ मध्ये बेंगळुरूचा मातीचा कोट उभारणारा केंपेगौडा हा येलहंक्याचा नाडप्रभू. पुढे शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, आदिलशाही फौजांनी बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी मनाला या मुलखाची ओळख पटते ती त्या खुणेने. आज मराठी कुटुंबे येथे येतात ती बदलीच्या हुकमाने. कोणी हवाई दलाच्या तळावर, कोणी रेल्वेच्या चाकाआसाच्या कारखान्यात. १९८४ पासून चालू असलेल्या त्या कारखान्यात एका आसावर दोन चाके घट्ट बसवतात. एक फिरले की दुसऱ्याला फिरावेच लागते.

या कारखान्यात नोकरीस असलेल्या एका बेळगावकराच्या पत्नी न्यू टाउनमधील आपल्या घरी मुलांना पियानो शिकवतात. बेळगावच्या कॅम्पात लहानपणी एका ननकडे त्या शिकल्या. हिंदुस्थानी गाण्याच्या त्या गावात, जिथे शेजारच्या घरातून तंबोऱ्याचा सूर येई, तिथे ही मुलगी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांशी का रमली हे घरात कोणालाच उमगले नाही. मराठी घरांतली मुले त्यांना काकू म्हणतात, कानडी मुले मिस म्हणतात, आणि पालक आपसांत बोलताना ‘पियानोच्या बाई’ म्हणतात. बाईंचा पियानो उभा आहे, जुना आहे. येलहंक्याच्या पावसाळ्यात त्याच्या दोनचार पट्ट्या दमट होऊन खाली गेल्या की वर यायला वेळ लावतात. त्याच्यापुढचा बाक मात्र रुंद आहे. एका माणसाला तो फार मोठा होतो. दोघे बसले तर कोपराला कोपर लागते.

हवाई दलातील एका मराठी कुटुंबाचा आठ वर्षांचा मुलगा २०२२ मध्ये बाईंकडे येऊ लागला. हात हलका, कान तीक्ष्ण, सुराला गोडवा उपजतच. पण लय नव्हती. नव्हती म्हणणेही बरोबर नाही. ती होती, पण मालकाच्या मर्जीप्रमाणे वागणाऱ्या नोकरासारखी होती. सोपी जागा आली की धावे, अवघड जागा आली की दाराशी उभी राही. बोट चुकले की मुलगा थांबे, मागे जाई, तो सूर नीट वाजवी आणि पुढे निघे. त्याच्या कानाला त्यात काही खटकत नसे, कारण त्याच्या मनात ते गाणे अखंडच वाजत असे. एकट्याने वाजवणाऱ्या मुलाची हीच अडचण असते. चालणारा तोच, वाट पाहणाराही तोच. मग उशीर झाला हे सांगणार कोण?

पियानो हे वाद्यच मुळी एकलकोंडे. व्हायोलिन शिकणारे मूल आज ना उद्या चौघांत बसते, बासरीवाल्याला साथ लागते, गाणाऱ्या मुलाच्या शेजारी तबला असतो. पियानो शिकणाऱ्याच्या दहा बोटांत सूर, साथ, ठेका, सारे आलेले; त्याला कोणाची गरज पडत नाही, आणि म्हणून कोणासाठी थांबणे, कोणाबरोबर निघणे हे त्याच्या अंगी लागत नाही. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलाच्या हाती वाद्य देण्याआधी त्याला हाताने मात्रा मोजत सोल्फा म्हणायला लावीत. तेही चारचौघांत. ती पद्धत कडक होती खरी, पण तिच्यात शहाणपण होते.

यावर जगभर सांगितला जाणारा उपाय म्हणजे मेट्रोनोम. मेल्त्सेल याने १८१५ मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून दोन शतके हे यंत्र शिक्षकांच्या टेबलावर टकटक करीत आहे. आता ते फोनमध्ये शिरले आहे. त्याचा उपयोग नाही असे कोणी म्हणणार नाही. मोठ्या वादकाला आपली लय कुठे सैल पडते हे तपासायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला ते पुढे चाललेल्या आगगाडीसारखे वाटते. एकदा चुकली की चुकली. काही दिवसांनी तर मूल ती टकटक ऐकेनासेच होते. घड्याळाच्या खोलीत झोपणाऱ्याला घड्याळ ऐकू येत नाही, तसे.

बाईंनी यंत्र कपाटात ठेवले आणि बाकावर मुलाशेजारी दुसरे मूल बसवले.

एका पियानोवर दोघांनी वाजवायच्या रचनांचा पाश्चात्त्य संगीतात मोठा संसार आहे. मोझार्ट आणि त्याची थोरली बहीण नानेर्ल लहानपणी असे वाजवीत. १७८०च्या सुमाराच्या त्यांच्या कौटुंबिक चित्रात दोघे भावंडे एका वाद्यापुढे बसलेली आहेत आणि दोघांचे हात एकमेकांवरून गेले आहेत. हायडनने तर गुरू आणि शिष्य अशाच नावाची रचना केली. खालच्या बाजूला बसलेला गुरू एक वाक्य वाजवतो, वरच्या बाजूचा शिष्य तेच वाजवून दाखवतो, आणि पुढे पुढे गुरू अवघड होत जातो. ग्रामोफोन येण्याआधीच्या युरोपात बऱ्याच माणसांनी बेथोव्हनच्या सिंफनी पहिल्यांदा ऐकल्या त्या सभागृहात नव्हे, घरच्या बाकावर, चार हातांतून. रॅव्हेलने ‘मा मेर ल्वा’ ही परीकथांची माला मिमी आणि जाँ गोदेब्स्की या दोन मुलांसाठी लिहिली. १९१०च्या पहिल्या प्रयोगात ती दोन लहान मुलींनी वाजवली. स्ट्राव्हिन्स्कीने आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या रचनांत मुलांचा भाग सोपा आणि सोबत्याचा खट्याळ ठेवला. एवढी थोर माणसे एवढ्या साध्या सोयीकडे का वळली असतील, हा प्रश्न एखाद्या संगीतशास्त्रज्ञाने घ्यावा असा आहे.

बाईंच्या उपयोगाचा मात्र यांतला कोणी नव्हे. त्यांच्या उपयोगाचा म्हणजे डियाबेली. बेथोव्हनच्या प्रचंड विविधतामालेला ज्याच्या साध्याशा वाल्ट्झमुळे निमित्त मिळाले तोच हा व्हिएन्नाचा प्रकाशक. त्याच्या १४९व्या कृतीत अठ्ठावीस छोट्या रचना आहेत आणि त्यांत वरच्या वादकाचा हात पाच सुरांच्या बाहेर जात नाही. बोटे शोधायची नाहीत, अंगठा वळवायचा नाही. सूर सोपा झाला की मुलाजवळ काळाकडे लक्ष द्यायला सवड उरते. लय शिकवायची तर बाकी सगळे सोपे करावे लागते, हे डियाबेलीला पुरते ठाऊक होते.

या बाकावर मुलाच्या जोडीला बसली ती एक कानडी मुलगी. ती त्याच्याहून वर्षाने मोठी, कर्नाटक संगीताच्या वर्गालाही जाणारी. तिच्या हातात ताल होता, अगदी शब्दशः. आदितालाची आठ अक्षरे ती टाळी, करंगळी, अनामिका, मधले बोट, मग टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा, अशी झोपेतही मोजील. तिथल्या वर्गात एकच सरळी तिने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कालात म्हटलेली. आणि सूर दुप्पट चौपट झाले तरी हात आपल्या चालीने चालतच राहतो, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. तीन मात्रांना ‘तकिट’, चारांना ‘तकधिमि’, पाचांना ‘तकतकिट’. पियानोवर दोन्ही हात गुंतले तेव्हा तिची पंचाईत झाली आणि ताल पायात उतरला. पाय जमिनीला पुरेनात म्हणून बाईंनी पाट ठेवला.

पहिला महिना भांडणात गेला. मुलगा चुकला की सवयीने थांबे. मुलगी थांबत नसे. ती चार बार पुढे गेलेली असे, हा मागच्या गल्लीत आपला सूर शोधत असे. मग तो रागावून म्हणे, “काकू, ही थांबतच नाही!” आणि ती कानडीत त्याला सांगे, “निधान, निधान.” कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. मुलाला पहिल्या दिवशी वाटले, ही कसल्या ठेव्याबद्दल बोलते आहे.

बाईंनी त्याला एवढेच शिकवले, की चुकल्यावर मागे जायचे नाही. बोटे उचलायची, ऐकायचे, ती कुठे आहे ते ओळखायचे आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर जाऊन उभे राहायचे. हे ऐकायला सोपे आहे. पण ज्या मुलाला प्रत्येक सूर नीट लागल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्या दृष्टीने एक चुकलेला सूर तसाच मागे सोडून देणे म्हणजे ताटात अन्न टाकण्यासारखे होते. त्याला रडू येई. एकदा आलेही. काळ परत वाजवता येत नाही ही गोष्ट मोठ्या माणसांनाही उशिरा कळते. बाकावर ती नवव्या वर्षीच कळू लागते, आणि शिक्षा म्हणून नव्हे, तर शेजारचे माणूस पुढे गेले आहे एवढ्यासाठी.

दुसरी शिकवण विरामाची. एकट्या मुलाला विराम म्हणजे रिकामी जागा वाटते. तो ती खाऊन टाकतो. जोडीत त्याच जागी दुसऱ्याचे सूर असतात. विराम ऐकू येतो, त्याला लांबी येते. बाई एक खेळ घेत. दोघे वाजवत असताना त्या एकाच्या खांद्याला बोट लावीत. त्याने हात उचलायचे, चार बार मनातल्या मनात वाजवायचे आणि पाचव्याला बरोबर आत यायचे. पुढे दोघांच्याही खांद्याला बोट लागे. खोलीत चार बार शांतता, आणि मग दोघांचे हात एकदम खाली. ते जमले त्या दिवशी दोघे एवढी हसली की तास तिथेच संपला.

बाई स्वतः मुलाशेजारी का बसत नाहीत, असे पालक विचारीत. हायडनच्या रचनेत तर गुरूच बसतो. बसतात त्या, पहिले काही दिवस बसतातच. पण बाईंना आपल्या साथीचा भरवसा वाटत नाही. जाणता शिक्षक बाकावर बसला की मुलाची लय सुधारल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात मूल जिथे रेंगाळते तिथे शिक्षक नकळत रेंगाळतो, जिथे धावते तिथे धावतो. गवयाच्या चुका झाकून घेणारा तबलजी असतो ना, तसे. मैफल सावरते, गवई मात्र तसाच राहतो. बरोबरीच्या सोबत्याजवळ हे औदार्य नसते, आणि ते नसणे हाच त्याचा गुण. फार तरबेज सोबतीही नको. मग कमकुवत मूल नुसते मागून चालू लागते. थोडा उन्नीसबीस असलेला जोड सर्वांत चांगला.

मुलाची आजी निपाणीकडची. नातवाला पोचवायला येई आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसून राही. पियानोतले आपल्याला काही कळत नाही, असे ती दर वेळी सांगे. एके दिवशी मुलगा पुन्हा मध्येच थांबला आणि मुलगी चिडली, तेव्हा आजी तिथूनच म्हणाली, “अरे, जात्यावर दोघी बसल्या आणि एकीने मध्येच हात सैल सोडला तर दुसरीच्या मनगटाला हिसका बसतो. पिठाचं राहू दे, तिच्या मनगटाचा विचार कर.” बाईंनी हात जोडले. महाराष्ट्रातल्या बायकांनी पहाटेच्या अंधारात एका खुंट्यावर चार हात ठेवून जे शतकानुशतके केले, ते चतुर्हस्त वादन नव्हे तर काय? समोरासमोर बसून एकीने ढकलायचे, दुसरीने ओढून घ्यायचे, आणि ओवीचा चरण कुठे तुटतो ते दगडाच्या फेऱ्यावरून ठरायचे. तिथे मोजणारे कोणी नव्हते. झिम्म्याफुगडीतही नसते. फुगडीत तर लय सुटली की माणूसच सुटतो.

पूर्वी बाई मुलांना दुसरी एक उपमा देत. येलहंक्याच्या तळावर १९९६ पासून विमानांचे प्रदर्शन भरते आणि त्या दिवसांत सूर्यकिरण पथकाची विमाने एकमेकांच्या पंखांजवळून उडत घरांवरून जातात. मुले गच्चीवर धावत. बाई म्हणत, पाहा, कोणी मोजत नाही, प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो आहे. २०१९च्या फेब्रुवारीत सरावाच्या वेळी या पथकाची दोन विमाने येथेच एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. बाईंच्या वर्गातली निम्मी मुले हवाई दलाच्या वसाहतीतली. त्यानंतर ती उपमा त्यांनी कधी काढली नाही.

पुढे उलटी अडचण आली. मुलाची लय स्थिरावली, आणि आता मुलीचे चुकू लागले. रचनेच्या शेवटी जिथे चाल थोडी मंदावायची असते तिथे ती मंदावेना. तिच्या शिकण्यात काल एकदा धरला की धरला. शेवट आला म्हणून तो सैल करणे तिला अप्रामाणिक वाटे. आणि मुलाला नेमके तेवढेच उपजत येत होते! दोघांनी मिळून वेग धरून ठेवणे अवघड असेल, पण दोघांनी मिळून तो सारखाच कमी करणे त्याहून कितीतरी अवघड आहे. त्याला मोजणी नाही. शेजारच्याचा श्वास ऐकावा लागतो, कोपर कसे जड होत गेले ते जाणवावे लागते. त्या आठ बारांवर दोघांनी तीन आठवडे घालवले. शिकवणारा मुलगा होता.

एवढे सगळे होत असताना परीक्षेचा विषय निघणारच. बेंगळुरूत लंडनच्या दोन मंडळांच्या परीक्षा मुले देतात. आरंभीच्या श्रेणींत युगुलवादनाची एखादी रचना घेण्याची मुभा आता त्या मंडळांनी दिली आहे, तरी गुण शेवटी एकालाच मिळतात. मुलाच्या वडिलांनी हा वेळ परीक्षेच्या तीन रचनांना का देत नाही, असे विचारले. विचारण्यात राग नव्हता, हिशेब होता. म्हैसूरच्या जयचामराज वडियारांनीही अशा इंग्रजी परीक्षा दिल्या होत्या, पियानोवादक होण्याचे त्यांच्या मनात होते; ते झाले महाराज. मेट्नर या रशियन संगीतकाराच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी पैसा पुरवला आणि मेट्नरने आपला तिसरा पियानो-कन्चर्टो त्यांना अर्पण केला. ही हकीगत बाई पालकांना हौसेने सांगत, पण वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर तीत नव्हते हे त्यांनाही माहीत होते. उत्तर म्हणून त्यांनी मुलाला एकट्याने परीक्षेची रचना वाजवायला सांगितली. तो मध्ये एकदा चुकला. थांबला नाही. वडील काही बोलले नाहीत, पण युगुलवादनाचा तास चालू राहिला.

२०२४च्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली.

हवाई दलाच्या घरांत सामान बांधण्याची एक सराईत पद्धत असते. तीत पियानो बसत नाही. मुलासाठी छोटा कीबोर्ड घेतला गेला. मुलगी म्हणाली, फोनवर समोरासमोर दिसत वाजवू. बाईंनी नको म्हटले. २०२०च्या टाळेबंदीत त्यांनी तो प्रयोग दोन बहिणींवर करून पाहिला होता; एक येलहंक्यात, दुसरी मावशीकडे अडकलेली. आवाज तारेतून जाऊन यायला क्षणाचा जो अंश लागतो तो बोलताना लक्षातही येत नाही, पण पंचवीसतीस सहस्रांश सेकंदांपलीकडे गेला की दोन वादकांच्या मध्ये भिंत उभी राहते. प्रत्येक जण दुसऱ्याचा सूर ऐकू येईपर्यंत थांबतो, आणि म्हणून दोघे मिळून हळूहळू चालतात, आणखी हळू, शेवटी उभे राहतात. दोघीही चुकलेल्या नसतात. त्या खेळाने थोरली फार हिरमुसली होती.

मग मुलीने आपला खालचा भाग वाजवून मुद्रित केला आणि तो मुलाच्या आईच्या फोनवर पाठवला. आरंभी दोन बार मोकळे मोजून दिले, “वन, टू, थ्री, फोर”, तिच्या आवाजात. तो नव्या गावी त्याच्याबरोबर वाजवतो. चांगले वाजवतो, असे आईने कळवले. बाईंनी तेही मुद्रण मागवून ऐकले. लय चोख होती. शेवटच्या आठ बारांत मात्र मुलगी जशी मंदावली होती तसाच तो मंदावत होता. पूर्वी तिथे तो तिला नेत असे. मुद्रणाला नेता येत नाही.

मुलीचा जोड गेल्यावर बाईंनी दोनतीन मुले बसवून पाहिली. कोणाचे वय जुळेना, कोणाची वेळ. शेवटी चाककारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांनी साठीनंतर पियानो शिकायला घेतला होता आणि ज्यांची बोटे अजून पाच सुरांच्या बाहेर जात नव्हती, त्यांना डियाबेलीच्या वरच्या बाजूला बसवले. ते लाजले. मुलीने बाकाच्या डाव्या टोकाला सरकून त्यांना जागा दिली आणि पाटावर पाय ठेवले. पहिल्याच ओळीत ते चुकले, “सॉरी, सॉरी” म्हणत थांबले आणि सुरुवातीला जाण्यासाठी पान उलटू लागले. तिने वाजवणे थांबवले नाही. डावा हात चालू ठेवून उजव्या हाताने तिने त्यांचे पान पुन्हा पुढे केले आणि पुढच्या बारवर बोट ठेवले.